गाणं कुणाचं?

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. गाणं एकदा बाहेर पडलं की गाणाऱ्याचा हक्क संपला, ऐकणाऱ्याला वाटेल तोच अर्थ, असं तुझं म्हणणं. त्यातलं निम्मं मला मान्य आहे.

परवा भाच्याचं रिसेप्शन होतं, घोडबंदर रोडला. नवरा-नवरी स्टेजकडे निघाले आणि डीजेने 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावलं. 'द पोलीस' या ब्रिटिश बँडचं, 1983 चं. ते प्रेमगीत नाही, मत्सराने पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे, हे लिहिणाऱ्या स्टिंगनेच पुढे सांगितलंय. मला हसू आवरेना, आणि शेजारी ताई डोळे पुसत होती. आता तिचं रडणं काय स्टिंगच्या परवानगीने व्हायला हवं होतं? आपल्या ख्यालाचंही तेच. बंदिशीत सासू छळते की नणंद, हे मैफलीतून घरी जाताना कुणाच्या लक्षात असतं? गाणाऱ्याला सांगायचं असतं ते निषादाच्या सुरावर किती थांबायचं, त्यात. इथवर तू जिंकलास.

पण 'अवघा रंग एक झाला' हा अभंग घे. किशोरीताई आमोणकरांची भैरवी सुरू झाली की बहुतेकांना त्यात विठ्ठल दिसतो, सूर लागतो, पुरे होतं. शेवटी नाममुद्रा येते, 'म्हणे चोखियाची महारी'. म्हणजे सोयराबाई, चोखोबांची बायको. जिच्या माणसांना देवळात पाऊल टाकायची बंदी, ती त्याच पंढरीच्या राजाकडे बघून म्हणते, मी-तूपण गेलं. 'नाही भेदाचे ते काम' हे एखाद्या शास्त्रीबुवांनी म्हटलं तर वेदान्त. ती म्हणते तेव्हा? ठणकावणं असेल, विनवणी असेल, खरोखर समाधीही असेल. तिच्या मनातलं इतक्या शतकांनी कोण सांगणार? तो हट्ट माझाही नाही. पण हे कोण बोलतंय एवढं कळलं, की त्याच ओळीवर माझा हात पेटीवर जरा जपून पडतो. हेतू राहू दे बाजूला. बोलणाऱ्याला कसं बाजूला ठेवशील?

आणि 'वाटेल तो अर्थ' कुठवर जातो तेही बघ. 1984 च्या निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीच्या सभेत रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचं कौतुक केलं. त्या वेळी त्याचं गाजत होतं 'बॉर्न इन द यूएसए'. ते आहे व्हिएतनामहून परतलेल्या, कुठे काम न मिळणाऱ्या माणसाचं. धृपद छाती फुगवणारं, कडवी सगळी भकास. लोक धृपदावरच झेंडे हलवतात. ताईचं रडणं आणि हे, दोन्ही मला एका मापाने मोजता येत नाही. ताईने गाणं आपल्या लेकासाठी घेतलं, कुणाचं काही हिरावलं नाही. इथे मात्र ज्याचं दुःख, त्यालाच गाण्याबाहेर काढलं. अर्थ खुशाल हवा तो लाव, पण आधी कडवी तरी ऐक!

पुढच्या महिन्यात येतोयस ना? गडकरी रंगायतनला काही चांगलं असलं तर तिकिटं काढून ठेवतो. घरी बसूच. भैरवी तू गा, पेटी माझ्याकडे. आणि उशीर झाला म्हणून शेवटचं कडवं गाळायची तुझी खोड आहे, ती या वेळी चालणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
ठाणेकर