गुरुजी, आत्याच्या आणि माझ्या वतीनं

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जय भीम.

‘माझं नाव कुठं घालू नकोस,’ असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, म्हणून नाव घालत नाही. आमचा जुना मोडी कागद वाचून दिलात, त्याचे आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. आम्हाला ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी ते चारचौघांतच म्हटलं होतं, आणि तेव्हा माझी आत्या तिथं उभी होती.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडं सांगते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोन वस्तू जपलेल्या आहेत. एक चांदीचं पदक. त्याच्या एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या खिंडीतून निघालेली फौज आणि पाठीवर तोफ घेतलेला हत्ती. आत्या लहानपणी त्याला ‘हत्तीचा रुपया’ म्हणायची. दुसरी वस्तू म्हणजे घडीवर विरत चाललेला, मोडीत लिहिलेला स्टॅम्पाचा कागद. दोन्ही वस्तू माझ्या खापरपणजोबांच्या. घरात सगळे त्यांना हवालदारबाबा म्हणतात. ते काबूलकडच्या लढाईला गेले होते आणि परत येऊन दापोली तालुक्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जमीन केली, इतकंच तोंडी चालत आलेलं. ती जमीन अजून आमच्याकडे आहे. वरकसच आहे, नाचणी आणि वरी होते.

आत्या आता थकली. ‘मी जायच्या आधी बाबांचं काय ते एकदा नीट कळू दे,’ असं तिनं म्हटलं आणि मी शोधाला लागले.

जुनी नाणी-पदकं घेणाऱ्या एका गृहस्थांनी पदक उलटसुलट करून पाहिलं. ‘वर लढाईची पट्टी नाही. म्हणजे लढलेले नसणार, सामान वाहायला गेले असतील,’ म्हणाले, आणि लगेच किंमत सांगितली. पुढं एका दप्तरखान्यात मी अर्ज दिला, तर टेबलामागच्या माणसानं तो वाचलाही नाही. आमचं आडनाव आणि गावातली वस्ती ऐकून म्हणाला, ‘तुमच्या लोकांचं लिहिलेलं कुठं असतंय?’

त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं असं बरंच काही माझ्याजवळ आहे. कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत आणि त्यात ‘नाक’ लावलेली आमच्या महारांची नावं आहेत. कंपनीच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना लिहायला-वाचायला शिकवत. त्याच पलटणींतून अस्पृश्यांच्या चळवळीचे सुरुवातीचे पुढारी गोपाळबाबा वलंगकर आले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारसाठी अर्जाचा मसुदा केला. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिकवत होते आणि पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीतच राहिले. आजही म्हातारी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते उगाच नाही. पलटणी उठून गेल्या तरी पेन्शनर शिपाई या भागात राहिले, आणि त्यांच्या घरांत कागद होते, पुस्तकं होती, दिव्याखाली वाचणारी पोरं होती.

पण सगळ्यात जास्त लागलं ते त्यानंतरचं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आम्ही एकाकडे पानामागे पैसे मोजून कागद वाचून घेतला. छान टाइप केलेलं पान हातात आलं. त्यात ‘सन १८११’ होतं, घेणाऱ्याच्या नावापुढं ‘निशाणी अंगठा’ होतं, आणि खाली शेरा होता की पदकाचा माणूस १८८० चा असल्यानं जमीन घेणारा त्याहून वेगळा, बराच आधीचा. एका फटक्यात आमचे हवालदारबाबा दोन माणसं झाले. एक शिपाई, ज्याचा जमिनीशी संबंध नाही. एक शेतकरी, ज्याला अक्षर येत नाही. आत्यानं ते पान ऐकलं आणि पदक कपाटात ठेवून दिलं. पुढं कितीतरी दिवस तिनं तो विषयच काढला नाही.

आणि मग तुम्ही आलात. आत्याला जिना उतरवत नाही एवढंच मी फोनवर बोलले होते. तुम्ही एसटीनं आलात, पाणी प्यालात आणि आधी कागद उजेडाला धरलात. ‘हा वर उठवलेला शिक्का बघा. ही व्हिक्टोरिया. ती जन्मली १८१९ साली. मग १८११ चा कागद कसा असेल? हे शके आहे, त्यात ७८ मिळवा.’ १८८९. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईनंतर नऊ वर्षं. दोन वाक्यांत आमचे बाबा पुन्हा एक झाले.

पुढं तुम्ही ओळ न्‌ ओळ वाचत गेलात. लिहून घेणाराच्या नावाशी ‘पेनशनर हवालदार’ आणि पहिल्या पलटणीचा उल्लेख निघाला. तुम्ही पदक मागवलंत, कडेवर कोरलेली अक्षरं भिंगाखाली धरलीत. तेच नाव, तीच मुंबईची पहिली ग्रेनेडियर पलटण, फक्त हुद्दा शिपायाचा. चतुःसीमा वाचायला लागलात तेव्हा आत्या तुमच्या पुढं जाऊन सांगत होती, पूर्वेस पऱ्या (म्हणजे ओढा), दक्षिणेस कातळ, कारण त्या सीमा अजून तिथंच आहेत. रोख पैसे मोजून घेतलेली धाऱ्याची, म्हणजे सारा भरायची जमीन. गावकीची वेठ करून मिळणारं वतन नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. तेव्हा १८८९ साली एका महार पेन्शनरानं स्वतःच्या नावानं खरेदीखत करून घेणं काय असेल, हे आमच्या घरात कुणाला फोडून सांगावं लागलं नाही.

पण गुरुजी, मी हे पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. त्यानंतरच्या गोष्टीसाठी.

वाचत वाचत तुम्ही कागदाच्या तळाशी आलात आणि थांबलात. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मग मला काही न सांगता उठलात, खुर्ची आत्याजवळ ओढलीत, कागद फिरवून तिच्या पुढ्यात ठेवलात आणि भिंग तिच्या हातात दिलंत. ‘आत्याबाई, ही शेवटची ओळ तुम्ही वाचायची आहे.’

‘मला कुठं येतंय मोडी?’ आत्या म्हणाली. तिला बालबोध, म्हणजे देवनागरी अक्षरं आली तीच मुळी चाळिशीत, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात.

तुम्ही माझ्या वहीत एकेक मोडी अक्षर मोठं काढलंत, खाली बालबोध. कुठं हात न उचलता पुढं जायचं, कुठं वळण येतं, ते बोटानं दाखवलंत. आत्या एकदा वहीत बघायची, एकदा कागदावर. तुमची परतीची गाडी होती, मला ठाऊक होतं. तुम्ही एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाहीत. तिनं आधी नाव लावलं. मग बापाचं नाव. मग पुढचे दोन शब्द लागेनात, तेव्हा मी तोंड उघडलं, तर तुम्ही मला हातानं गप्प केलंत. आणि आत्यानं स्वतः वाचलं, ‘दस्तुर खुद्द.’

‘म्हंजे बाबांनी हे स्वतः लिवलंय?’

‘स्वतः,’ तुम्ही म्हणालात. ‘अंगठा नाही. सही आहे, आणि हात चांगला वळलेला आहे.’

आत्या तेव्हा रडली नाही. तिनं मला पदक आणायला सांगितलं आणि ते कागदाच्या शेजारी ठेवलं. तेव्हापासून दोन्ही एकाच फडक्यात आहेत.

तुम्ही ती ओळ स्वतः वाचून सांगितली असतीत तरी आम्ही जन्मभर ऋणी राहिलो असतो. आजवर सगळ्यांनी आम्हाला सांगितलंच होतं, कुणी भलं, कुणी वाईट. पलटणीतल्या शाळेनं एका माणसाच्या हातात अक्षर दिलं आणि त्याच्या पणतीनं ते अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावं, ही संधी तिची आहे हे तुम्हाला त्या क्षणी सुचलं. मला, तिच्या सख्ख्या भाचीला, सुचलं नव्हतं.

पट्टीचंही लिहिते, कारण ते गृहस्थ हे वाचतील अशी मला आशा आहे. त्या अफगाण युद्धाच्या पदकासोबत सहा पट्ट्या होत्या: अली मशीद, पेइवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. मैवंदची पट्टी काढलीच नाही. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या उघड्या मैदानात इंग्रजांच्या जनरल बरोजची जेमतेम २,५०० माणसं अफगाणांच्या अयुब खानाच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढं उभी होती. पहिली ग्रेनेडियर, जेकब रायफल्सची ३० वी आणि गोऱ्यांची ६६ वी पलटण. हजाराच्या आसपास माणसं मेली. उरलेली रात्रभर, पाण्यावाचून, सुमारे ७० किलोमीटर कंदाहारकडं चालत राहिली. हार झालेल्या लढाईची पट्टी कुणी देत नाही. काबूलहून कंदाहारपर्यंत कूच करून आलेल्या इंग्रज जनरल रॉबर्ट्सच्या फौजेला वेगळा ताराही मिळाला. ६६ व्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा मैवंदातून वाचला, त्याला खुद्द राणीनं पदक घातलं, आणि त्याच्याविषयी आजही लिहिलेलं सापडतं. त्याच मैदानातून चालत आलेल्या कोकणातल्या शिपायांची नावं मात्र पदकाच्या कडेवर राहिली, आणि त्या कडेकडंही कुणी बघत नाही.

तुम्ही गेल्यावर आत्यानं एक गोष्ट सांगितली, जी ती आधी कधी बोलली नव्हती. हवालदारबाबा शेतावर जाताना पाण्याचा तुंबा कधी विसरत नसत. पऱ्या शेताच्या कडेलाच, तरीही. घरातल्या बायका हसायच्या. तिच्या आजीनं तिला सांगितलेलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही दिलेल्या वाचनात दोन ठिकाणी नुसती टिंबं आहेत आणि पेन्सिलीनं लिहिलंय, ‘लागत नाही.’ पैसे घेऊन दिलेल्या त्या पानात एकही जागा रिकामी नव्हती. ज्याला खरंच येतं तो न लागलेलं अक्षर तसंच सोडतो, ही सभ्यता मला मोठी वाटते. अशी माणसं गावोगाव आहेत. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, शाळा सुटल्यावरच्या वर्गात, कुणाच्या तरी घरी पलंगावर कागद पसरून बसलेली. बोरू, भिंग आणि सवड एवढंच त्यांचं भांडवल, आणि ते कुणासाठीही खर्च करतात. त्यांच्यामुळं आमच्यासारख्या घरांतले कागद रद्दीत जायचे वाचतात. ज्यांच्या हातात दप्तराच्या किल्ल्या आहेत त्यांनी त्यांच्याकडून निदान समोरच्याला ‘बसा’ म्हणायला शिकावं.

पदक विकणार नाही, हे घरात आता ठरलेलं आहे. खरेदीखताची नक्कल तुमच्या वाचनासकट भावांच्या सगळ्या घरांत दिली. चुलत्यांनी ती ऐकली आणि माळ्यावरून आणखी एक पुडकं काढलं. त्यात खोताशी काहीतरी देण्याघेण्याचे कागद दिसतात. घाई अजिबात नाही, तुमच्या सवडीनं बघा. माझ्या पुतण्याचं नाव तुमच्या पुढच्या मोडी वर्गात घाला. दहावी झाली आहे, हात चांगला आहे, बोरू आणि शाई तो स्वतः आणेल.

आणि याल तेव्हा या खेपेला जेवून जायचं. आत्या विचारते आहे, नाचणीची भाकरी चालते ना?

आपली,
हवालदारबाबांची खापरपणती