चुन्याने धातू जात नाही

संपादक महोदय,

आपल्या शेती पुरवणीतला जड धातूंवरचा लेख वाचला. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, सगळ्यांवर एकच उतारा: चुना. माती परीक्षण प्रयोगशाळेत २१ वर्षं नमुने चाळले, त्यामुळे गप्प बसवेना.

चुन्याने धातू जमिनीतून निघून जात नाही. एक शेतकरी दोन वर्षांचे अहवाल घेऊन आमच्याशी भांडायला आला होता. चुना टाकला, तरी एकूण कॅडमियमचा आकडा तोच! तो तसाच राहणार होता. आम्लधर्मी जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा) साडेसहा-सातपर्यंत चढला की कॅडमियम, जस्त, शिसे मातीच्या कणांना चिकटून बसतात आणि मुळांच्या हाती कमी लागतात, एवढंच घडतं. म्हणून एकूण धातूबरोबर पिकाला उपलब्ध होणारा धातूही मोजावा. त्यासाठी डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणाची चाचणी आहे. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी ती १९७८ साली सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मांडली, पण इथेही ती उपयोगी पडते. सामू पुन्हा उतरला तर धातू सुटा होतो, म्हणून ही चाचणी अधूनमधून करावीच लागते.

आर्सेनिकचं मात्र उलट आहे. सामू वाढला की ते बहुधा जास्त मोकळं होतं. त्याला धरून ठेवतात लोहाची ऑक्साइडं. लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारलेल्या जुन्या फळबागांच्या मातीत शिसे आणि आर्सेनिक एकत्र सापडतात, आणि तिथे मीही फसलो होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अशा एका अहवालावर मी शिसे बांधण्यासाठी स्फुरद (फॉस्फरस) सुचवलं. वरिष्ठांनी लाल शाईने काट मारली. स्फुरद शिशाला बांधतं खरं, पण मातीच्या कणांवरची आर्सेनिकची जागा बळकावून त्याला बाहेर ढकलतं.

चुनखडीच्या जमिनीत तर आणखी चुना टाकून काहीच साधत नाही. तिथे आधीच जस्ताची चणचण असते आणि जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त ओढतं. चांगलं कुजलेलं शेणखत तांबं आणि शिसे धरून ठेवतं, पण ते वर्षागणिक विघटित होतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी: चुन्याचा सल्ला आर्सेनिकला लागू नाही, आणि इतर धातूंसाठीही तो सामू तपासल्यावरच.

आपला,
माती परीक्षण प्रयोगशाळेतील एक निवृत्त सहायक