लहान मुलांचे वाढदिवस घरच्या अंगणात व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात आणि आसपासच्या खेड्यांत लहान मुलांच्या, त्यातही पहिल्या वाढदिवसाचे स्वरूप आता लग्नाच्या स्वागत समारंभासारखे होऊ लागले आहे. त्याचा भार कोणावर पडतो आणि तो हलका कसा करता येईल, याविषयी काही विचार मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत साडीमागे मजुरी घेणारी विणकर कुटुंबे आहेत, उद्यमबागेतील फौंड्रींत पाळीने काम करणारे तरुण आईवडील आहेत, आणि खेड्यांत रताळी-बटाट्याच्या दरावर वर्षाचा हिशेब बसवणारे शेतकरी आहेत. हॉलचे भाडे, फुग्यांची कमान, डीजे आणि माणशी ताटाचा दर यांचा मेळ या घरांच्या कमाईत बसत नाही. मग बचत गटातून उचल घेतली जाते किंवा भिशी आधी मागून घेतली जाते. त्यात हॉलवाले बहुधा किमान ताटांची अट घालतात, त्यामुळे मनात वीस-पंचवीस माणसे असली तरी ताटे भरण्यासाठी यादी वाढवावी लागते. ज्याचा वाढदिवस, ते वर्षाचे मूल मात्र गोंगाटाने रडून आईच्या खांद्यावर झोपी जाते आणि मेणबत्ती विझवण्यापुरते त्याला उठवले जाते.

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाचा वाढदिवस त्याच्याच वयाच्या दहा-बारा मुलांचा आणि घरच्या माणसांचा असावा, तो दीड-दोन तासांत आटोपावा, आणि सर्वांत आधी रक्कम ठरवून मगच निमंत्रणे द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. यादी आधी झाली की खर्च हाताबाहेर जातोच. वेळ सायंकाळी साडेचार ते सहा अशी ठेवल्यास मुलांची दुपारची झोप झालेली असते आणि पाहुण्यांना जेवण घालण्याचा प्रश्नही उरत नाही.

फराळाच्या बाबतीत तर आपल्या भागाला कसली उणीव नाही. एक किलो चिरमुऱ्यांची भेळ पंधरा मुले आणि तेवढीच मोठी माणसे यांना सहज पुरते. जोडीला गरम अप्पे, चटणी आणि अर्धा-पाऊण किलो कुंदा असला की पाने पुरेशी भरतात. रताळ्यांच्या हंगामात गूळ घातलेल्या घाऱ्या कराव्यात. मात्र चार वर्षांखालील मुलांच्या वाटणीच्या भेळेत अख्खे शेंगदाणे घालू नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. केक नकोच, असा माझा आग्रह नाही. मुलांना तो हवा असतो, आणि एक किलोच्या साध्या केकमध्ये एवढ्या सगळ्या मुलांचे भागते. पण लालभडक, निळा, तीन मजली केक कशासाठी? २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने केकच्या काही नमुन्यांत अपायकारक कृत्रिम रंग आढळल्याचे सांगून बेकरीचालकांना सावध केले होते, आणि त्याच वर्षी राज्यात बुढ्ढी के बालमध्ये रोडामाइन-बी हा रंग वापरण्यास बंदी झाली. तरीही रंग जितका गडद तितकी हौस मोठी, असे समजणारे पालक आहेत.

औक्षणाला खर्च काय येतो? पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी आणि घरातली अंगठी एवढ्यात ते होते. दुधात गूळ आणि तीळ घालून मुलाला देण्याची रीतही अनेक घरांत अजून आहे. ओवाळताना मुलाला रोज अंगाखांद्यावर खेळवणारी विधवा आजी बाजूला उभी राहणार नाही, एवढे मात्र आवर्जून पाहावे.

लहान मुलांना रमवण्यासाठी निवेदक भाड्याने आणावा लागत नाही. कर्नाटकी बेंदराला मातीचे बैल करणारी आणि दिवाळीत दारोदारी किल्ले बांधणारी मुले आपल्याकडे आहेत. कुंभाराकडून आणलेली एक टोपली चिखलमाती आणि जुनी पोती मांडून दिली, तर तासभर कोणी जागचे हलत नाही. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर, हे पडवीतही करता येते. थोडी मोठी मुले ‘मामाचं पत्र हरवलं’ किंवा आंधळी कोशिंबीर खेळतील.

सजावटीचा खर्च तर बराचसा कायद्यानेच वाचवला आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि मिठाईच्या खोक्यांवरचे प्लास्टिक वेष्टन यांवर बंदी आहे; कर्नाटकात तर २०१६ पासूनच प्लास्टिकच्या पिशव्या व ताटल्यांवर बंदी लागू आहे. या वस्तू दुकानांत मिळतात म्हणून त्या चालतात, असे नाही. झेंडूची माळ, आंब्याचे तोरण आणि पत्रावळी त्यांपेक्षा स्वस्त आणि देखण्याही आहेत. हायड्रोजन भरलेले फुगे आणि ज्वालाग्राही वायूवर चालणारा फेसाचा फवारा जळत्या मेणबत्तीजवळ आणणे म्हणजे आगीला निमंत्रण. या दोन गोष्टी स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

भेटवस्तूंची देवघेव हाही छुपा खर्चच आहे. आलेल्या प्रत्येक मुलाला परतभेट द्यायची आणि पुढे त्याच्या वाढदिवसाला तोलामोलाची वस्तू न्यायची, या चक्रात शेजारची गरीब आई मुलाला पाठवायचेच टाळते. निमंत्रण देतानाच ‘भेट आणू नये’ असे सांगावे आणि जाताना मुलांच्या हाती त्यांनीच केलेला मातीचा बैल द्यावा. ज्या पिढीची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत १ जून अशी लिहून टाकली, त्या पिढीतले आजोबाच आज नातवाच्या नावाचा चौकात फलक लागावा म्हणून अडून बसतात, याचे नवल वाटते.

ज्यांचे घर एका खोलीचे आहे, त्यांची अडचण मात्र खरी आहे. आपल्या बहुतेक गल्ल्यांत पंच कमिटीची भांडी, सतरंज्या आणि देवळाचा सभामंडप असतो. लग्नकार्याला ते भाड्याने मिळतात. पण दोन तासांच्या लहान कार्यक्रमासाठीही पूर्ण दिवसाचे भाडे पडत असेल, तर गरजू माणूस विचारायलाच जात नाही. म्हणून सर्व पंच कमिट्यांना विनंती आहे की, दहा वर्षांखालील मुलांच्या वाढदिवसासाठी सभामंडप सायंकाळी दोन तास नाममात्र भाड्याने द्यावा, भांड्यांसाठी अनामत घेऊ नये, ध्वनिक्षेपक लावू देऊ नये, आणि हा दर देवळाच्या फलकावर लिहून ठेवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, शहापूर, बेळगाव