२०२५ चा एमव्हीपी : माझे मत रॉलीला

मा. संपादक,

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी अमेरिकन लीगचा २०२५ चा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) यांकीजचा ॲरन जज ठरला, मरिनर्सचा कॅल रॉली दुसरा आला. ३५५ विरुद्ध ३३५ हे गुण वाचून अंतर बरेच वाटते, पण गुणांचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक लीगसाठी ३० बेसबॉल-लेखक मत देतात. पहिल्या पसंतीला १४ गुण, दुसरीला ९, मग ८, ७ असे उतरत दहावीला १. जजला पहिल्या पसंतीची १७ मते, रॉलीला १३, आणि प्रत्येकाने उरलेल्याला दुसरे स्थान दिले. फक्त दोघांनी क्रम फिरवला असता तर ३४५-३४५ अशी बरोबरी झाली असती. माझ्या लेखी पुरस्कार रॉलीचा.

बॅट हातात असताना जज सरस, यात वादच नाही. सरासरी .३३१ विरुद्ध .२४७, बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .४५७ विरुद्ध .३५९. रॉलीचे ६० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) जजच्या ५३ पेक्षा सातने जास्त, पण तेवढ्याने ही दरी बुजत नाही. रॉलीचे समर्थक नुसते ‘साठ, साठ’ करतात तिथेच हरतात. त्याची खरी बाजू प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागे आहे; तो कॅचर, बेसबॉलमधला यष्टिरक्षक.

कॅचर सामनाभर उकिडवा बसतो. पुढचा चेंडू कोणता, हे तोच पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सुचवतो. कडेला पडणारा चेंडू हातमोजा अलगद आत आणत असा धरायचा की अंपायरला स्ट्राइक (योग्य टप्प्यातला चेंडू) वाटावा, यालाच फ्रेमिंग म्हणतात. बॅटला चाटून आलेले चेंडू बोटांवर, मास्कवर, मांडीवर बसतात. कुणी बेस चोरायला धावला, तर चेंडू हातमोज्यात आल्यापासून साधारण दोन सेकंदांत १२७ फुटांवरच्या दुसऱ्या बेसला पोहोचवायचा. एवढे करून फलंदाजीसाठी पायांत जोर उरवायचा. म्हणून तर मुख्यतः कॅचर असलेल्या खेळाडूचा हंगामी विक्रम आजवर ४८ होमरनचा होता (साल्वाडोर पेरेझ, २०२१). यष्टीमागच्या माणसाचे मोल धावफलकावर दिसत नाही, हे क्रिकेटवेड्यांना वेगळे सांगायला नको.

‘वॉर’, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले याचा अंदाज; या आकड्याबाबतही सावध राहावे. आकडेवारीच्या दोन संकेतस्थळांपैकी फॅनग्राफ्सच्या वॉरमध्ये फ्रेमिंग धरतात, बेसबॉल रेफरन्सच्या वॉरमध्ये नाही. म्हणून या दोघांतले अंतर एका तक्त्यात कमी तर दुसऱ्यात जास्त दिसते. जज दोन्हीकडे पुढे आहे, हे कबूल. पण चेंडू सुचवण्याची अक्कल कुठल्याच तक्त्यात नीट उतरत नाही, आणि माझे मत तिथेच रॉलीकडे झुकते.

नॅशनल लीगमध्ये शोहेई ओहतानी. ५५ होमरन, वर ४७ इनिंग्ज पिचिंग. पुढे चर्चा कशाला?

साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे जय-पराजय मोजणे. पायरेट्सच्या पॉल स्कीन्सची नोंद १०-१० अशी सपक, पण ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, १.९७. सुरुवातीच्या पिचरला विजय नावावर लागायला किमान पाच इनिंग्ज टाकाव्या लागतात, शिवाय तो बाहेर पडताना संघ आघाडीवर हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. स्वतःच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत तर त्याने करायचे काय? फिलीजच्या क्रिस्टोफर सांचेझने जास्त इनिंग्ज टाकल्या, २०२, तरी २.५० च्या ईआरएने हे अंतर भरून निघत नाही.

अमेरिकन लीगमध्ये टायगर्सचा टारिक स्कुबल. रेड सॉक्सच्या गॅरेट क्रोशेचे २५५ बळी (स्ट्राइकआउट) त्याच्या २४१ पेक्षा जास्त. मात्र स्कुबलने फुकट बेस दिले अवघे ३३, क्रोशेने ४६, ईआरए २.२१ विरुद्ध २.५९.

नवोदितांत ॲथलेटिक्सचा निक कर्ट्झ. ११७ सामन्यांत ३६ होमरन, त्यातले चार एकाच सामन्यात. नॅशनल लीगमध्ये ब्रेव्हजचा ड्रेक बाल्डविन, तोही कॅचरच. मॅनेजरच्या पुरस्कारावर लिहीत नाही; संघ अपेक्षेपेक्षा वर आला की तो मिळतो, आणि अपेक्षा कुणाची होती हे कुणी विचारत नाही.

या सगळ्या मतपत्रिका प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) सुरू होण्यापूर्वीच भरून द्याव्या लागतात. तेव्हा जज किंवा रॉलीने ऑक्टोबरात काय केले, याचा आधार या वादात कुणीच घेऊ नये.

– एक वाचक