सुरुवात आवक-जावकच्या टेबलापासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रकारिता पदविकेचे प्रवेश सुरू झाले की ‘ओळख असल्याशिवाय वर्तमानपत्रात शिरकाव होत नाही’ हे हमखास कानावर येते. ते अगदीच खोटे नाही, पण मुले भलत्याच माणसांशी ओळखी काढत बसतात. ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात संपादकांबरोबर फोटो काढून बातमी मिळत नाही. ती मिळते पंचायत समितीतल्या आवक-जावक कारकुनाकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे), पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराकडे. तिथे काम नसतानाही आठवड्यातून एकदा डोकवावे, बातमी आली की अंक नेऊन दाखवावा. कोणी ‘माझे नाव नको’ म्हटले तर ते नाव कुठेही फुटता कामा नये. एकदा फुटले की तालुकाभर होते आणि सगळी दारे बंद होतात.

सरावाला ग्रामसभा उत्तम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. म्हणून आधी डोकी मोजावीत, मग हजेरीच्या सह्या पाहाव्यात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला ती अट राहत नाही आणि मूठभर लोकांत ठराव उरकले जातात. नवखा वार्ताहर मात्र ‘ग्रामसभा खेळीमेळीत संपन्न’ असे लिहून मोकळा होतो! ठराव कोणता, निधी किती, विरोध कोणी केला आणि तो इतिवृत्तात नोंदवला का, हे आले तर ती बातमी.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची माहिती द्यावी’ असा अर्ज ‘माहिती विस्तृत आहे’ या शेऱ्यासह परत येतो. त्यापेक्षा एका रस्त्याचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) पाहायला मागावी. तपासणीच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची, तेव्हा हाताशी दुसरी बातमी हवीच.

डेस्कवर, म्हणजे बातम्यांचे संपादन होते तिथे, नवख्यांचा बराच मजकूर लिखाणामुळे नव्हे, पाठवण्याच्या पद्धतीमुळे पडून राहतो. पीडीएफमधून उचलला की जोडाक्षरे आणि वेलांट्या तुटतात. कागदाचा फोटो काढून पाठवला तर उपसंपादकाने तो टाइप करायचा कधी? मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा टंकलेखनात), थेट मेलमध्ये हवा. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर छपाईत फुटतो. खाली ‘डावीकडून’ म्हणून सगळी नावे. पाने लागायच्या वेळी, म्हणजे संध्याकाळनंतर, ‘माझी बातमी लागणार का’ असा फोन करू नये. लैंगिक गुन्ह्याच्या बातमीत पीडितेचे नाव तर सोडाच, गल्ली, शाळा, वडिलांचा व्यवसाय असे ओळख पटवणारे काहीही देऊ नये. तो गुन्हा आहे.

पैसे घेऊन ‘प्रेस’चे ओळखपत्र देणाऱ्यांपासून चार हात लांब राहावे. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून शासनाची मान्यता, राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देते, तीही ठरावीक अनुभवानंतर. दुचाकीवरच्या स्टिकरचा उपयोग फार तर पार्किंगपुरता.

आता थोडे आपल्या वर्तमानपत्रांबद्दल. अनेक ठिकाणी तालुका वार्ताहर नेमतानाच दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे लक्ष्य हातात दिले जाते. ज्या सरपंचाकडे जाहिरात मागायची, त्याच्याच ठरावावर तो मुलगा काय लिहिणार? आपण निदान पहिले वर्षभर नव्या वार्ताहरांना जाहिरातींपासून दूर ठेवावे, छापलेल्या प्रत्येक बातमीचे मानधन द्यावे आणि नाकारलेल्या मजकुरावर उपसंपादकाने दोन ओळींत कारण कळवावे. मजकूर कोणत्या मेलवर पाठवायचा, तो पत्ताही जिल्हा पानावर छापावा. सध्या तो शोधायलाच ओळख लागते.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक, सातारा