मंडळाच्या खोलीबद्दल आत्याला पत्र

वॉशिंग्टन

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार, मग महिला मंडळाला खोली कशाला, कुणाच्याही घरी जमू, असं तुमच्यातल्या काहीजणी म्हणतात हे परवा फोनवर ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

काल इथल्या एन स्ट्रीटवर १७३४ नंबरचं घर मुद्दाम बघून आले. १८७५ साली विल्यम रॅडफर्ड या नौदल अधिकाऱ्यासाठी बांधलेलं. १९२२ मध्ये ते अमेरिकेतल्या महिला क्लबांच्या महासंघाने विकत घेतलं, आजही त्यांचं मुख्यालय तिथेच आहे.

या महासंघाची सुरुवात झाली एका मेजवानीवरून. १८६८ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्ससाठी न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी जेवण ठेवलं. जेन क्रोली स्वतः पत्रकार, तरी बाई म्हणून तिला प्रवेश नाकारला. तिने बायकांचाच सोरोसिस क्लब काढला आणि १८९० मध्ये ठिकठिकाणचे क्लब जोडून महासंघ उभा केला. या बायकांनी गावोगावी वाचनालयं काढली. ठाण्यात आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, १८९३ साली, तेव्हाचाच हा काळ. अमेरिकेत देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये, आणि दोनच वर्षांत यांनी राजधानीत स्वतःचं घर घेतलं!

एका गोष्टीचं मात्र फार वाईट वाटलं. महासंघाच्या १९०० च्या अधिवेशनात जोसेफिन रफिन आपल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्लबच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या, तर त्यांच्या क्लबला मान्यताच दिली नाही. बाई म्हणून दाराबाहेर ठेवलं याच्या रागातून जन्मलेल्या संस्थेने असं वागावं?

महासंघाची जुनी कागदपत्रं त्याच घरात जपलेली आहेत, त्यासाठी १९८४ मध्ये वेगळं केंद्रही काढलं. म्हणून तर आज हे सगळं कळतं, चुकांसकट. तुमच्या लोखंडी कपाटातल्या मिटिंगच्या वह्या, हळदीकुंकवाचे हिशेब, जोशीकाकूंच्या हाताने लिहिलेली भोंडल्याची गाणी, हे उद्या कुणाच्या माळ्यावर जाणार? नौपाड्यात एकेक इमारत पडतेय, सामान हलवताना आधी रद्दीच निघते.

तेव्हा बिल्डरशी करार व्हायच्या आधी कमिटीला लेखी अर्ज द्या. नव्या इमारतीत मंडळासाठी एक खोली हवी आणि ती नकाशात दिसली पाहिजे, एवढं स्पष्ट लिहा. तोंडी आश्वासनावर थांबू नका. मसुदा मी करून पाठवते, सह्या तू गोळा कर.

काकांना नमस्कार.

तुझी भाची,
मेघना