उद्यमबागच्या मिस्त्रीमामांना, सागवानी पट्ट्यांसाठी थँक्यू

मिस्त्रीमामा, फोनवर तुम्ही "आभारबिभार राहू दे रे" म्हणून कट केलात, म्हणून हे इथं लिहितोय, पोराकडून वाचून घ्या.

खानापूरकडच्या आमच्या जुन्या घराची सागवानी तुळई उतरवली तेव्हा आईचं एकच म्हणणं, देव्हाऱ्याची कमान ह्याच लाकडाची पाहिजे. सॉ मिलवर दोन इंची फळ्या पाडून मिळाल्या पण दोन इंच सागवान काय वळतंय होय? चार एमएमच्या पट्ट्या काढून साच्यात एकीवर एक चिकटवायच्या तर कमान, आणि चार एमएम म्हटलं की बेळगावात जो तो हात वर करत होता, बोटं जातील म्हणून. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

तुम्ही मात्र आधी टेबल सॉला (टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं कापायचं मशीन) हातच लावला नाही. चुंबक घेऊन फळीभर फिरवलं, एका काळ्या डागापाशी ते चिकटलं तसं पटाशीनं उकरून मोडका खिळा बाहेर काढलात. तो ब्लेडखाली आला असता तर कार्बाइडचे दात गेलेच होते.

आणि खरी गोष्ट म्हणजे पट्टी कुठल्या बाजूला पाडायची ती. बरेच जण फेन्स (फळी टेकवायची, ब्लेडला समांतर सरकणारी कड) चार एमएमवर लावून फळी ढकलतात, मग पट्टी फेन्स आणि ब्लेडच्या मधे अडकते आणि बाणासारखी मागं सुटते. तुम्ही जाड फळी फेन्सकडं ठेवलात, पट्टी ब्लेडच्या पलीकडं मोकळी पडेल अशी. मग माप कसं राहणार? तर रद्दी प्लायचा ठोकळा, त्यात एक स्क्रू, तो टेबलवर पट्टी पडते त्या बाजूला, पण ब्लेडच्या थोडं आधी, आपल्याकडं क्लॅम्प केला, दातांच्या अगदी बाजूला नाही. प्रत्येक कापानंतर फळी स्क्रूच्या डोक्याला टेकेपर्यंत फेन्स सरकवायचा, लॉक, की परत तेवढीच पट्टी. माप बारीक करायचं तर स्क्रू थोडा फिरवायचा, बास. असं माप धरणारा कंपनीचा जिग विकत मिळतो, पण ह्यापुढं त्याची काय गरज नाही असं माझं मत.

चोवीस दातांचं ब्लेड, ब्लेडमागचं, कापलेली फट उघडी ठेवणारं पातं जागेवर (बहुतेक वर्कशॉपात ते कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असतं), टेबलातल्या ब्लेडच्या खाचेवर पातळ प्लाय म्हणजे पट्टी खाली घुसत नाही, आणि शेवटचा वीतभर भाग काठीनंच ढकलायचा. मी जोर लावला की तुमचं "निधान, निधान" (हळू, हळू) चालूच. ब्लेड तीन एमएम खातं, म्हणजे चार एमएमच्या पट्टीला सात एमएम लाकूड जातं, अर्धं सोनं भुशात बघून माझा जीव वरखाली होत होता. बँडसॉवर (पट्ट्यासारखं लांब ब्लेड फिरतं ते मशीन) कमी जातं, पण तिथं पट्टी लाटा घेऊन येते, मग रंध्यात जातंच, हे तुम्ही सांगितलात तेव्हा कुठं गप्प बसलो.

कापायच्या आधी फळीच्या टोकावर पेन्सिलीनं मोठा त्रिकोण काढून ठेवलात तो का, हे मला चिकटवताना कळलं. त्रिकोण जुळवत पट्ट्या मूळच्या क्रमानं लावल्या, आता कमानीत जोड शोधून सापडत नाहीत.

आई विचारतेय किती द्यायचे. चहावर भागवू नका मामा, आकडा सांगा, आणि तुमची ढकलायची काठी माझ्याकडंच राहिलीय, ती रविवारी आणून देतो.